लिनक्स नवं टाका, बाकी तसंच ठेवा

भोकरदनला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या मशीनवर विंडोजपेक्षा लिनक्स बरं चालतं, म्हणून तेच टाकून देतो. कधी बिघडलं की पुसून नवं टाकावं लागतं. आधी विचारतो, काय ठेवायचं? फोटो, फायली सगळेच सांगतात. पण मशीन आपल्या सोयीनं कसं कसं बदलून घेतलंय, ते कुणाला आठवत न्हाई. गेल्यावर आठवतं. मंग चहाला बसलं की एकातून एक किस्सा निघतो.

केदारखेड्याचे हारूनभाई पत्रिका छापतात. त्यांनी घरीच नवं लिनक्स टाकलं. फायली सगळ्या वाचवल्या, पण उर्दूचे फॉन्ट सिस्टिमच्या फोल्डरात होते, ते पुसले गेले. दुसऱ्या दिवशी वारलेल्या भावाच्या चाळिसाव्याची पत्रिका उघडली, तर नावाच्या जागी नुसते चौकोन.

मशीन घेऊन आले, म्हणाले, "फॉन्ट मिल जाएगा. पण अम्मीनं बघितलं ना ते."

*

प्रकाश जालन्याच्या स्टील कारखान्यात होता. पट्ट्यात डावा हात गेला. मंग अर्ज टाइप करायचं काम धरलं. सगळी अक्षरं उजव्या हाताखाली येतील असा कीबोर्ड त्यानं सेटिंगमध्ये बसवला होता. मेव्हण्यानं हौसेनं मशीन नवं करून दिलं. प्रकाश टाइप करायला बसला, तर एक शब्द बराबर उमटंना.

"दाजी, आता सगळ्यांसारखा झाला की कीबोर्ड," मेव्हणा म्हणाला.

"हात कुठून आणू सगळ्यांसारखा?"

दुकानात तो डोळे मिटून रिकाम्या टेबलावर बोटं चालवायचा, कुठलं अक्षर कुठं ते सांगायचा. मी एकेक बसवत गेलो. दुपार गेली.

*

एक मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या. "काहीच ठेवू नका."

चालू करून बघितला. मशीन सुरू झालं की थोड्या थोड्या वेळानं कॅमेऱ्यातून फोटो निघायचा अन् कुणाला तरी जायचा. कसं सांगावं कळंना.

"मॅडम, यात कुणीतरी..."

"म्हायती आहे. नवऱ्यानंच बसवलंय. म्हणून तर म्हणले."

*

धावड्याचे एक रिटायर गुरुजी. त्यांना वाचायचा फार नाद. मशीन आणलं की एकच सांगणं, "अक्षराचा आकार आहे तसा ठेव बाबा." मी ती सेटिंग आठवणीनं काढून ठेवायचो, परत टाकायचो. दर खेपेला आकार आधीपेक्षा मोठा असायचा. मागच्या खेपेला तर एका ओळीत तीनच शब्द मावत होते.

परवा रिक्षावाल्याच्या हाताला धरून पायरी चढले. रिक्षावाल्यानं कॉम्प्युटरचा डबा आत आणला, मंग स्क्रीनही आणून ठेवला. एरवी ते फक्त डबाच आणतात.

"गुरुजी, स्क्रीन बिघडला का?"

"न्हाई, स्क्रीन बराबर आहे," ते म्हणाले. "कुणाला लागला तर देऊन टाक. मला ते वाचून दाखवणारं बसव."