पातं बसलं का?

माझी बायको हौसा रोज सकाळी चहाच्या आधी भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी राहायची आणि कोपरं सरळ ठेवून भिंत ढकलायची. शेजारची रखमा एकदा म्हणाली, "आक्का, भिंत पडंल की!" हौसा मान न वळवता म्हणाली, "पडू दे. पलीकडं ह्यांची म्हस हाय, ती धरंल." मी मागं उभा असायचो, माझा हात तिच्या उजव्या खांद्याच्या पात्यावर. दर खेपेला विचारायची, "बसलं का?" मी म्हणायचो, "बसलं." चार वर्षं आमचा दिवस असाच उजाडला. आता भिंत आहे, म्हैस आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण ज्यांनी तिला बघितलं नाही, त्यांना ती कशी होती ते कळावं म्हणून बसलोय. अंगानं काटकी, तोंडानं फटकळ. तासगावाकडच्या आमच्या द्राक्षबागेत तिनं तीस वर्षं हात वर करून काम केलं. घडांची विरळणी म्हणजे दिवसभर मान वर, हात वर. माल निघाला की भरलेला क्रेट उजव्या खांद्यावर. डावा कशाला ठेवलायस विचारलं तर म्हणायची, "त्यो तुमच्यासाठी राखलाय. तुमाला पोचवायला लागंल न्हवं?"

मग तिच्या उजव्या पाठीत दुखायला लागलं. आता मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी आले. आमच्याकडं पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीवरनं फिरवून घेतात. आसपासच्या गावांतनं माणसं माझ्याकडं यायची, पालथी पडायची. त्याचा मला लय ताठा होता. एक अख्खा हंगाम मी हौसाच्या पाठीवर पाय फिरवला. "उसण हाय, उतरंल," म्हणत राहिलो आणि ती क्रेट उचलत राहिली. हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. शेवटी अंबाडासुद्धा घालता येईना. मी घालून द्यायचो. "ह्यो अंबाडा हाय का म्हशीचं दावं?" म्हणून हसायची. एक दिवस हसली नाही. म्हणाली, "आज केस बांधताय, उद्या घास भरवाल. मला असलं जगणं नगं." आणि रडली. मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं.

थोरल्या लेकीनं आम्हाला सांगलीला, विश्रामबागेतल्या एका फिजिओवाल्या पोरीकडं नेलं. तिनं हौसाला भिंत ढकलायला लावली आणि मला म्हणाली, "काका, मागनं बघा." उजवं पातं पाठीपासून उचलून बाहेर आलं होतं, कोंबडीनं पंख उचलावा तसं. खाली बोटं शिरतील एवढी फट. एवढे दिवस पाय ठेवला, डोळ्यांनी बघितलं नव्हतं.

पोरीनं समजावलं. हे पातं बरगड्यांना जोडलेलं नसतं, त्यांच्यावरनं नुसतं सरकतं. भोवतीचे स्नायू चारी बाजूंनी ओढून त्याला जागेवर ठेवतात. काखेखालचा एक स्नायू ते पाठीशी दाबून धरतो, त्याची शीर ओझ्यानं दबली असावी. पातंच जागेवर राहिलं नाही तर हात वर जाणार कसा? हौसा लगेच म्हणाली, "म्हंजे बागंतल्या येलांच्या मांडवाच्या कडंचा ताण ढिला झालाय. मधली तार कितीबी वढा, मांडव वाकणारच."

मी विचारलं, "माझ्या पायानं बिघडलं का?"

"पायानं नाही, काका. पण दिवस गेले." मग तिनं माझा हात धरून पात्यावर ठेवला. "आता पाय नको, हात ठेवा. पातं पाठीला टेकलं की हाताला कळेल. आणि क्रेट उचलणं बंद."

त्या दिवसापासनं मी हात ठेवून दहा आकडे मोजायचो. बागेत फवारणीची घाई असली की हात ठेवल्या ठेवल्या "बसलं" म्हणून मोकळा व्हायचो. तिला कळायचं. "खोटं बोलताय. हात हाय का खुट्टी? आन तुमचं धा एवढ्या लवकर कसं येतं?" मग परत एकपासनं. सात-आठ महिन्यांनी एका सकाळी मी फणी घेऊन गेलो, तर बाईसाहेब दोन्ही हात डोक्यामागं नेऊन अंबाडा घालत बसलेल्या. म्हणाली, "तुमची नोकरी गेली." मी फणी घेऊन तसाच उभा राहिलो.

गेल्या थंडीत एका सकाळी, भिंतीला हात लावायच्या आधीच म्हणाली, "आवं, पाठीत दुखतंय. दोन्ही पात्यांच्या मधी." कपाळावर घाम होता. मी हात ठेवला.

"बसलं का?"

या वेळी घाई केली नाही. नीट चाचपलं. "बसलंय. दगडावानी घट्ट हाय."

"मग दुखतंय कशानं?"

"थंडीनं. पड जरा." असं म्हणून मी चहा ठेवायला गेलो. चहा उकळेपर्यंत तिचं तोंड पांढरंफटक पडलं. गाडी करून सांगलीला निघालो, पण रस्त्यातच संपली. दवाखान्यात सांगितलं, हृदयाचा झटका होता. कधीकधी छाती दुखत नाही, पाठच दुखते. घाम बघितला तेव्हाच निघायला पाहिजे होतं. हातानं खोटं सांगितलं नव्हतं, पातं बसलेलंच होतं. डोकं माझं चौथीचं.

तिला न्यायच्या वेळी मी उजवा खांदा दिला. तिनं माझ्यासाठी राखलेला डावा तसाच गेला.

परवा रखमा आली. "आप्पा, पाठीत उसण भरलीया. जरा पाय फिरवा." मी पाय आत ओढून घेतला. घाम येतोय का विचारलं.

"आलाय जरासा. उनातनं आले न्हवं?"

मी तिच्या लेकाला गाडी काढायला लावली. ती कुरकुरत होती, "आवं, उसण हाय, उतरंल." मी म्हटलं, "आधी दवाखाना. पाय हितंच हाय."

सांजच्याला परत आली. उसणच होती. फुकटचा हेलपाटा घातला म्हणून तिनं दारात उभं राहून मला शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या. बाईचा आवाज खणखणीत होता.