बोहारणीची फेरी

दोन हजार सालाच्या आसपास इंदिरानगरातल्या आमच्या महिला मंडळाने कापड दुकानदारांना हाताशी धरून जुन्या कपड्यांची मोहीम काढली. कपडे वाया जाऊ द्यायचे नाहीत, दुकानांतल्या पेट्यांत गोळा करायचे आणि पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर पोचवायचे. चिटणीस मी. तेव्हा अंगात उत्साह होता. आता नुसतं सभेचं नाव काढलं तरी कंबर दुखते.

जुने कपडे तोवर वाया जातच नव्हते, हे आम्हा शहाण्यांच्या लक्षात आलं नाही. आमच्या गल्लीत दर पंधरवड्याला बोहारीण यायची. कपडे घेऊन स्टीलचं भांडं द्यायची आणि ते कपडे धुऊन, दुरुस्त करून बाजारात विकायची. मोठं पातेलं पदरात पडावं म्हणून आम्ही तासभर घासाघीस करायचो, आणि शेवटी नाइलाजाने एखादी धड साडी वर टाकायचो. पेट्या आल्यावर "आता आम्ही दान करतो" म्हणून घराघरांनी तिला दारातून परत पाठवलं. सगळ्यांत आधी मी.

पेटीशी घासाघीस कोण करणार? विटके परकर, फाटके पायजमे, लोकांनी वाटेल ते कोंबलं. त्यांचा सुंठीवाचून खोकला गेला. दुकानदारांनी फोटोपुरती साथ दिली, मग त्यांना पेट्यांची अडचण व्हायला लागली. सगळा ढीग माझ्या गच्चीवरच्या खोलीत आला. एक खेप पाड्यावरच्या शाळेत नेली, तर तिथल्या बाईंनी अर्धी परत दिली. फार लाज वाटली.

वर्षभराने मी बोहारणीला शोधून काढलं. फेरी बंद पडल्यापासून ती धुणीभांडी करत होती. माझ्या बोलावण्यावरून ती आली आणि तिने अख्खा ढीग उपसला. त्यातून चालण्याजोगं एक बोचकं निघालं.

"मावशी, हे तुम्ही न्या. फेरी परत सुरू करा, मी घरोघर सांगते."

"याच्यावर भांडं काय देऊ ताई? भांडी समदी इकून टाकली."

"भांडं नको, असंच न्या."

"फुकट नाय घ्यायची. आजवर कुनाच्या दारातून फुकट चिंधी नाय नेली म्या."

तिने बोचक्याला नीट गाठ मारली, ते बाजूला ठेवलं आणि हात धुतले. चारला तिला कामावर पोचायचं होतं. थांबा म्हणायला मला तोंड नव्हतं.