इंजिन असून बैलांनी ओढलेली जीप

माझे सासरे तहसील कचेरीतले निवृत्त पेशकार. निजामाच्या अमलात उर्दूतून कारकुनीला लागले आणि पुढं मराठी राज्यात पेशकार म्हणून बाहेर पडले. राज्य बदललं, भाषा बदलली, पण त्यांची बोलायची तऱ्हा कचेरीचीच राहिली. घरात दूध उतू गेलं तरी त्याची तहकीकात व्हायची. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ओसरीवर बोलावून सांगितलं, "सूनबाई, या घरात हुकूम कुणाचाच चालत न्हाई. कायदा चालतो."

मी गावच्या हायस्कुलात शिकवायची. आमचं गाव सेलूच्या वाटेवर, देवगाव फाट्याला जवळ. शेती आमचे हे बघायचे. यांनी सरकारी लिलावातून एक पेट्रोलची जीप घेतली होती. ती हौसेनं घेतली खरी, पण तिची तहान काही भागायची नाही. फाट्यापर्यंत जाऊन यायचं म्हटलं तरी हे आधी टाकीत काडी घालून बघायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "हिच्यापरीस दुभती म्हैस परवडली. ती खाती, पण देतीबी."

त्या दिवसांत आमच्या भागात जो तो जिपेतलं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायला लागला होता. डिझेल स्वस्त, आणि शेताच्या पंपासाठी ते घरात असायचंच. यांनीही ठरवलं. फाट्यावरच्या लिंबाखाली एका वस्तादाचं गॅरेज होतं. वस्ताद घरी आला, जिपेचं बॉनेट उघडून आत बघितलं आणि म्हणाला, "क्या हे इसमें साब. पेट्रोल का निकालना, डीजल का डालना. हो गया."

मामंजी झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "और इजाजत?"

"किस की?"

"कानून की."

वस्तादानं यांच्याकडं बघितलं. कानून नावाचे आमचे कुणी भाऊबंद असावेत आणि जिपेत त्यांचा वाटा असावा, असं बहुतेक त्याला वाटलं.

मामंजींनी मग समजावून सांगितलं. गाडीच्या आरसी बुकात इंजिनचा नंबर असतो, इंधन कोणतं ते असतं. त्यात फरक करायचा तर आधी आरटीओची परवानगी घ्यायची, मग इंजिन बदलायचं, मग गाडी साहेबाला दाखवायची आणि बुकात नोंद करून घ्यायची. वस्ताद मान डोलवत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "इत्ते दिन में तो साब इंजन बूढ़ा हो जाता."

पण मामंजी हटले नाहीत. परवानगीचा अर्ज गेला. ती नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. कधी बंद असायचा, कधी एसटी फाट्यावरच अडकून राहायची. आरटीओचा सेलूचा कॅम्प पुढं गेला, मग आणखी पुढं गेला. हे रोज पोस्टमनची वाट बघायचे आणि मामंजी निवांत सुपारी कातरायचे. शेवटी परवानगी आली.

मग इंजिन आणायचं होतं. परभणीला एका भंगारवाल्याकडं मोडीत निघालेल्या गाडीचं डिझेल इंजिन मिळालं. ते टेम्पोतून घरी आलं. उतरवायला गडीमाणसं आली, नारळ फुटला. तेवढ्यात मामंजी म्हणाले, "थांबा. नंबर बघायचाय."

धोतर सावरून ते पोत्यावर आडवे झाले. मला रॉकेलची चिंधी आणि त्यांचं भिंग आणायला सांगितलं. घासून घासून त्यांनी इंजिनवरचा ठोकलेला नंबर वाचला आणि बिलाशी ताडून बघितला. बिलावर जिथं तीन होता तिथं इंजिनवर आठ होता.

"दादा, लिहिणाऱ्याची चूक आसंल," हे वडिलांना म्हणाले.

"आसंल. आन् चोरीचा माल आसला तर? इंजिन जाईल, त्याच्यासंगं जीपबी जाईल, आन् म्हातारपणी मला पोलीस ठाण्यात बसावं लागंल. जा, बिल दुरुस्त करून आण."

हे परभणीला परत गेले. भंगारवाल्यानं बिल दुरुस्त करून दिलं, पण विचारलं म्हणे, की तुमच्या घरी लग्न जमवताना मुलीचे दातही मोजतात का? यांनी ते घरी आल्यावर फक्त मला सांगितलं.

वस्तादानं कामाला हात घातला आणि तेव्हा कळलं की 'काढायचं आणि घालायचं' एवढ्यावर भागत नाही. डिझेलचं इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा किती तरी जड. ते बसवल्याबरोबर जीप पुढं वाकली. रस्त्यावर सुई पडली आणि ती शोधायलीय, असं दिसायचं. मग पुढचे स्प्रिंगांचे पाटे बदलले. इंजिन लांबीला जास्त, म्हणून पंखा रेडिएटरला घासायला लागला. मग रेडिएटर पुढं सरकवला. बॅटरी मोठी लागली. इंजिनखालचे रबर जाड लागले, नाहीतर गाडीचे सगळे नट ढिले होतात म्हणे. टाकी उतरवून, धुऊन उन्हात वाळवली. जास्त झालेलं डिझेल टाकीत परत यायला आणखी एक नळी लागली. दर वेळी वस्ताद म्हणायचा, "बस साब, अब कुछ नै." आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी असायचंच.

काम संपलं तेव्हा ओंजळभर नट उरले. यांनी विचारलं, हे कुठले? वस्ताद शांतपणे म्हणाला, "कंपनी ज्यादा देती, साब."

निघालेलं जुनं इंजिन विकायची गोष्ट निघाली, तर मामंजींनी साफ नकार दिला. नोंद बदलेपर्यंत त्याचा नंबर आपल्या नावावर, कुणी भलत्या गाडीत बसवलं तर जाब आपल्याला. इंजिन गोठ्यात गेलं. गड्याच्या कोंबडीला ती जागा आवडली आणि ती तिथं अंड्यांवर बसली.

आता जीप सेलूच्या कॅम्पात साहेबाला दाखवायची होती. त्या दिवशी सकाळी यांनी जीप चालू केली. अंगणात धूर झाला, पत्रे थरथरले, शेजारची म्हातारी भूकंप म्हणून बाहेर आली. हे खुशीत होते. मामंजी समोर आडवे उभे राहिले.

"कुठं निघालास?"

"सेलूला. कॅम्पाला."

"कशानं?"

"जिपेनं की."

"परवानगी इंजिन बसवायची मिळालीय. रस्त्यावर चालवायची न्हाई. बुकात आजून पेट्रोल हाय. वाटंत कुणी धडकलं तर विमावाला हात झटकंल. बंद कर."

"आवो दादा, मग साहेबाला दाखवायला न्यायची कशी? डोक्यावर घेऊ?"

मामंजींनी याचाही विचार करून ठेवला होता. त्यांनी गोठ्याकडं बोट दाखवलं.

आणि अशी आमची चालू इंजिनाची जीप, इंजिन बंद करून, खिलारी बैलजोडीनं ओढत सेलूला निघाली. जुवाला जाड दोर बांधून तो जिपेच्या पुढच्या हुकात अडकवला होता. हे स्टिअरिंगवर, म्हणजे उताराला जीप बैलांच्या पायात जाऊ नये म्हणून सारखा ब्रेक दाबत. शेजारी मामंजी कागदांची पिशवी घेऊन. मागं वस्ताद आणि मी. मला हेडमास्तरांनी परीक्षेच्या उत्तरपत्रिका पोचवायला सेलूला पाठवलं होतं आणि एसटी चुकली होती. पुढं पायी चालणारा गडी बैलांना हाकत होता, पण मान खाली घालून. वाटेत माझ्या वर्गातली पोरं भेटली. त्यांनी रीतसर "नमस्ते बाई" म्हटलं आणि मग रस्त्याच्या कडेला पोट धरून बसली. मी पदर पुढं ओढला. एका ट्रॅक्टरवाल्यानं थांबून विचारलं, "काय बिघडलं?" हे दात चावत म्हणाले, "काई न्हाई. सगळं चालू हाय."

सेलूच्या मैदानात कॅम्प होता. ट्रकवाले, लायसनवाले, चहाचा गाडा, सगळा मेळा. बैलांनी ओढलेली जीप आत शिरली तसे सगळे आमच्याभोवती जमले. इन्स्पेक्टर साहेब तरुण होते, गणवेश कडक. त्यांनी बैलांकडं बघितलं, जिपेकडं बघितलं.

"गाडी बंद आहे का?"

"चालू आहे साहेब," मामंजी म्हणाले, "परंतु नोंदीअभावी रस्त्यावर चालवली नाही. बैलांनी ओढली तर ती मोटार ठरत नाही."

साहेबांनी जिपेभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "कागद द्या."

परवानगी, बिल, आरसी बुक, विम्याचा कागद, मामंजींनी एकेक पुढं केला. साहेबांनी इंजिनचा नंबर तपासला. मग हे बैल सोडायला उतरू लागले. साहेबांना घाई होती. ते यांच्या शेजारच्या सीटवर चढून बसले आणि म्हणाले, "बैल राहू द्या. आधी इंजिन चालू करून दाखवा. आवाज ऐकू द्या."

"साहेब, बैल..."

"करा हो चालू."

यांनी किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदा असा दणका बसला आणि काळ्या धुराचा असा लोट निघाला, की चहाच्या गाड्यावरची कपबशी उडाली. आमच्या बैलांनी जन्मात असं काही पाठीमागं ऐकलं नव्हतं. त्यांनी शेपट्या वर केल्या आणि गड्याच्या हातून सुटून चौखूर उधळले.

दोर ताणला, जीप हिसका देऊन निघाली. लायसनला आलेले लोक सशासारखे पांगले. मागं वस्ताद "या अल्ला" म्हणत माझ्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला मिठी मारून बसला. मामंजी खाली उभे होते, ते पिशवी हलवत ओरडत होते, "बैल धरा! साहेबांना धरा!" साहेबांनी पुढची पट्टी दोन्ही हातांनी धरली होती. समोर बाभळीचं मोठं झाड आलं. यांनी सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. कचकन दोर तुटला, बैल जुवासकट पुढं गेले आणि जीप बाभळीच्या अलीकडं हातभर अंतरावर उभी राहिली.

धूळ बसली. इंजिन तेवढं धडधडत होतं. साहेबांची टोपी माझ्या मांडीवर येऊन पडली होती. मी ती पुढं दिली. त्यांनी ती झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाले, "ब्रेक चांगले आहेत."

नोंद त्याच दिवशी झाली. मामंजी धापा टाकत टेबलाशी पोचले तेव्हा साहेबांनी लिहिता लिहिता विचारलं, "पेशकार साहेब, इंधन काय लिहू? डिझेल की कडबा?" मामंजींना विनोद कळत नसे. ते म्हणाले, "दस्तुराप्रमाणे डिझेल लिहावं."

बैल बाजार समितीच्या आवारात कुणाची तरी सरकी खाताना सापडले. मग मामंजींनी विमा एजंटाचं घर गाठलं आणि पॉलिसीतही डिझेल लिहून घेतलं. एजंट म्हणाला, हे करायला आपण होऊन आलेले तुम्हीच पहिले. त्यानंतरच आम्ही परत निघालो. जीप स्वतःच्या जोरावर, आणि गडी बैल घेऊन मागून. त्याची मान आता वर होती.

पुढं ती जीप बरीच वर्षं चालली. पळायची कमी, ओरडायची जास्त. हिवाळ्यात सकाळी चालू व्हायला मनधरणी करून घ्यायची. आणि हलायची तर इतकी, की आरशात मागच्या एका ट्रकचे चार दिसायचे. पण डिझेलवर हे खूश होते. एकदा तपासणीत फाट्यावरच्या बऱ्याच जिपा बुकात नोंद नाही म्हणून पकडल्या गेल्या, तेव्हा आमची एकटी सुटली. त्यानंतर लोक सल्ल्याला मामंजींकडं यायला लागले. ते आधी भिंग मागवायचे.

आत्याबाई मात्र त्या जिपेत बसायला तयार नव्हत्या. भावाच्या नातवाचं बारसं निघालं तेव्हा नाइलाजानं बसल्या. माहेर चुडाव्याचं, रस्ता खड्ड्यांचा. दारात उतरल्या तेव्हा हात थरथरत होते, ओठ थरथरत होते, आणि भावाला "कसा हाईस?" विचारताना आवाजही थरथरला. भावाला वाटलं, बहिणीला सासरी जाच आहे. तिला जवळ घेऊन तो रडायला लागला आणि मामंजींकडं रागानं बघायला लागला. वहिनी आली, तीही डोळ्याला पदर लावायला लागली. मामंजी पिशवी घेऊन तसेच उभे राहिले. या आरोपावर कोणता कागद दाखवायचा ते त्यांना सुचेना.

शेवटी आत्याबाईंनीच भावाला बाजूला सारलं.

"आरं, रडत न्हाई मी," त्या म्हणाल्या. "आजून हलायलेय."