ताटात उरलेली लाखोळी

शामकलाबाईंना जन्मभर पावलांच्या आवाजाची भीती वाटे. अंगणातून कुणी चालत आलं की हातातलं काम थांबायचं आणि कान तिकडे लागायचे. टाच नीट टेकलेली ऐकू आली की त्या पुन्हा सुपातलं धान्य पाखडायला लागत.

ही भीती त्यांनी माहेराहून आणली होती. माहेर अर्जुनी मोरगावकडचं. मोठ्या दुकाळात तिथलं धान गेलं आणि घरानं लाखोळीच्या डाळीवर दिवस काढले. लाखोळीला नांगर लागत नाही. उभ्या धानात बी फेकायचं, धान कापलं की खाली ती हिरवीगार उगवलेली असते. भातासोबत वाटीभर तिचं वरण सारा मुलूख खातो, कुणाचं काही बिघडत नाही. पण त्या साली सोबतीला भातच नव्हता. शामकलाच्या काकांच्या, शालीकरामांच्या, आधी पोटऱ्या आखडल्या, मग टाचा उचलल्या, मग हातात दोन काठ्या आल्या. गुडघ्याला गुडघा घासत ते चवड्यांवर फरफटत चालत. तो आवाज ऐकतच ती लहानाची मोठी झाली.

लग्न होऊन ती तिरोड्याजवळच्या गावी आली. नवरा उदाराम कष्टाळू, देवभोळा, पण खाण्यावर ताबा नसलेला. जेवला की छातीत जळजळ, जळजळ झाली की चिडचिड. एका चातुर्मासात तळ्याच्या पाळीवर एक साधू उतरले. त्यांनी उदारामला आसनं शिकवली, श्वास शिकवला आणि जेवायचं कसं ते सांगितलं. देवाचं नाव घेऊन, न बोलता, चावून खावं. अर्धं पोट अन्नानं भरावं, पाव पाण्यानं, उरलेलं वाऱ्याला मोकळं ठेवावं. आपल्या शेतात पिकतं ते सारं थोडंथोडं खावं. उदारामनं ते मनावर घेतलं. वर्षभरात जळजळ गेली, चिडचिड गेली, चेहऱ्यावर तेज आलं. शामकलानं देवापुढे साखर ठेवली.

साधू पुढे निघून गेले आणि उदारामचं डोकं एकटंच चालू लागलं. नांगराच्या फाळाखाली किडे मरतात, म्हणजे भातालाही पाप लागतं, असं त्याला वाटू लागलं. नांगराशिवाय पिकतं ते एकच, लाखोळी. महाशिवरात्रीला त्यानं संकल्पाचं पाणी सोडलं, की यापुढे लाखोळीशिवाय काही खाणार नाही. तिचीच भाकर, तिचंच वरण, तिच्याच पाल्याची भाजी.

 शामकलानं त्याला काकांची गोष्ट सांगितली. उदाराम शांतपणे म्हणाला, ते दुकाळाचं खाणं होतं, हे व्रताचं आहे. सासू रुख्माबाईंना तर मुलाचा अभिमान. सारा गाव लाखोळी खातो, मग तुझ्याच माहेरचे कसे लंगडे, असा टोमणा त्यांनी मारला आणि शेजारणींत हशा पिकला.

होळी गेली, ऊन तापलं. एका सकाळी शामकला चूल सारवत होती. अंगणातून उदाराम आला आणि तिचा हात थांबला. टाच टेकली नव्हती. तिनं वळून पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. दुसऱ्या दिवशीही ऐकलं. पोटऱ्या ओढतात का, असं तिनं भीतभीत विचारलं. ओढतात, तो म्हणाला, आसनाचा ताण आहे, शरीर शुद्ध होताना असं होतंच.

मग तिला दिवसभर दुसरं काही सुचेना. भाकरीच्या पिठात गुपचूप तांदळाचं पीठ मिसळावं, असं ठरवून तिनं मडक्यात हातही घातला. पण व्रत कपटानं मोडलं तर पाप कुणावर येईल, या धास्तीनं हात रिकामाच बाहेर काढला. देवापुढे बसली की तिला मंत्राऐवजी काकांच्या काठ्या ऐकू येत. एवढंच करता आलं की ती त्याचं ताट शिगोशीग वाढायची, निदान पोटभर तरी खाईल म्हणून. तो मात्र नेमानं अर्धं खायचा आणि हात धुवायचा.

उरलेलं अर्धं कुठे जातं, हे त्यानं कधी पाहिलं नाही. त्या काळी बायको नवऱ्याच्याच ताटात जेवायची. त्यात उरेल तो प्रसाद. टाकलं तर अन्नाचा अपमान, म्हणून ती ते सगळं संपवायची. त्यानंच पोट भरायचं, भाताला जागाच राहत नसे. नवऱ्याच्या पायांच्या काळजीत तिनं आपल्या पोटात काय जातं याचा कधी विचारच केला नव्हता.

वैशाखातल्या एका सकाळी तुळशीला फेऱ्या घालताना तिचा पाय लाकडासारखा ताठ झाला. ती पडली, तांब्या गडगडत गेला. आवाजानं उदाराम आला, चवड्यांवर, भिंत धरून. त्यानं तिची पोटरी दाबून पाहिली, मग आपली दाबली.

"कवापासून हाये हे?" त्यानं विचारलं.

"झाले काही दिवस. म्या मनावर नाई घेतलं."

"आसनानं माहे पाय ओढून राहिले, असं म्या समजत होतो. तू कोनतं आसन करते?"

ती पोटरी चोळू लागली. तो पुन्हा म्हणाला, "तू काय खाऊन राहिली?"

"अजी, तुमच्या ताटात जे उरते तेच. तुमी अर्धं खाता, अर्धं मी खातो."

उदाराम मटकन तिथेच बसला. दारात उभ्या रुख्माबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी खाली पडलेला तांब्या उचलला आणि तसाच धरून ठेवला.

त्या दिवशी देवाला भात, तुरीचं वरण, कोहळ्याची भाजी, जवसाची चटणी आणि दूध असा नैवेद्य दाखवला. उदारामनं देवाची क्षमा मागितली आणि पान पुढे ओढलं. शामकलासाठी वेगळं पान मांडायला त्यानं आईला सांगितलं. नवराबायको शेजारीशेजारी बसून जेवतात, याची गावानं बरेच दिवस थट्टा केली. रुख्माबाईंनी मात्र त्यावर पुन्हा टोमणा मारला नाही.

शामकलाचे पाय दिवाळीपर्यंत मोकळे झाले. उदारामचे जिथे थांबले तिथेच राहिले. एका काठीवर तो पुढे बरीच वर्षं शेतात गेला, बसून करायची आसनं रोज करत राहिला. अर्धं पोट, पाव पाणी हा नेमही त्यानं सोडला नाही. फक्त घास घेण्याआधी तो शेजारच्या पानाकडे बघायचा, त्यावर सगळं वाढलं आहे ना म्हणून.

शामकलाबाईंची भीती काही गेली नाही. पुढे नातवंडं अंगणात पळू लागली तरी कान तिकडेच असत. एखादं पोर खेळताना उगाच चवड्यांवर चाललं की त्या हातातलं टाकून बाहेर येत, आणि काल घरात काय काय शिजलं होतं ते मनातल्या मनात आठवत उभ्या राहत.