मिस्त्रीने न बांधलेला गिअरबॉक्स

गॅरेजमध्ये त्याला सगळे मिस्त्री म्हणत आणि पुढच्या काउंटरवर बसणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाला दादा. वडील गेले तेव्हा मिस्त्री नऊ वर्षांचा होता. दादानेच त्याला वाढवलं, हातात पाना दिला. गिऱ्हाईक आणि खरेदी दादाकडे, गाडीखालचं जग मिस्त्रीचं. चाळीस वर्षांत त्याने दादाला कधी 'का' म्हणून विचारलं नव्हतं.

त्या सकाळी अक्काचा जुना ट्रक कण्हतच फाटकातून आत आला. अक्का विटा वाहायची. नवरा गेल्यावर स्टिअरिंग तिनेच हातात घेतलं होतं. उडी मारून उतरली आणि थेट विषयालाच आली.

"मिस्त्री, तुम्ही बांधलेल्या गिअरबॉक्सला आठ महिने नाही झाले. काल भरल्या गाडीनिशी उतारावर तिसरा गिअर आपोआप सुटला. ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले, म्हणून आज तुम्हाला दिसतेय."

"माझ्या हातचा गिअर सुटायचा नाही, अक्का. दुसरंच काहीतरी असेल."

त्याने क्लच पाहिला, ठीक. गिअरच्या दांड्याचे सांधे हलवून पाहिले, घट्ट. मग अक्काला शेजारी बसवून ट्रक उतारावर नेला. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला मात्र, दांडा खाडकन न्यूट्रलला आला. परत येऊन त्याने गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट काढला. ट्रेमध्ये पडलेल्या ऑइलवर सोनेरी झाक होती. पितळेचा चुरा, म्हणजे आतलं काहीतरी झिजत होतं. मिस्त्रीचं तोंडच उतरलं.

दुपारपर्यंत गिअरबॉक्स जॅकवर खाली आला. झाकण उघडलं तर तिसऱ्या गिअरचे दात चोखलेल्या गोळीसारखे गुळगुळीत. आपलं कुठे चुकलं, हेच तो शोधत होता. बांधलेल्या प्रत्येक गिअरबॉक्सच्या आत तो पंचने तीन ठिपके मारायचा. फडक्याने पुसलं, बॅटरी धरली, बोट फिरवलं. ठिपके नव्हते.

तेव्हा त्याला आठवलं. काम पुरं झालं आणि तो लेकीच्या बाळंतपणाला गेला होता. "तू जा, बसवायचं मी बघतो," दादा म्हणाला होता.

दादा काउंटरवर नट निवडत होता.

"अक्काचा गिअरबॉक्स कुठे गेला, दादा?"

दादाने मान वर केली नाही. "मोठ्या गिऱ्हाइकाला घाई होती, तिचा त्याला दिला. तिला पडलेला जुना बसवला. तिचा ट्रक काय, आज ना उद्या भंगारातच जायचा."

"मेली असती ती!"

"मेली का? नाही ना? मग उगाच उकरू नकोस."

"तो जुना गिअरबॉक्स माझ्या नावावर दिलास तू तिला."

"आणि तुला नाव कोणी मिळवून दिलं?"

परक्याने फसवलं असतं तर मिस्त्रीने कॉलर धरली असती. इथे केसाने गळा कापणारा हात त्याला भरवणारा होता.

त्याने अक्काला काही न लपवता सगळं सांगितलं. ती ट्रकच्या पायरीवर बसून ऐकत राहिली.

"म्हणजे आठ महिने मी तुमच्या भरवशावर उतार उतरत होते," एवढंच म्हणाली.

दोन मोडक्या गिअरबॉक्सचे चांगले भाग निवडून, नवी बेअरिंग घालून त्याने तीन दिवसांत एक धड गिअरबॉक्स बांधला. अक्का तिन्ही दिवस समोर खोक्यावर बसून एकेक भाग आत जाताना बघत होती. घरी जा म्हटलं तर म्हणे, "नको, बघते."

उतारावर तिसरा गिअर जागचा हलला नाही. अक्काने मान डोलावली.

"चांगला बसलाय. पण मिस्त्री, यापुढे मी दुसरीकडे जाईन. राग नाही तुमच्यावर. पण उतार आला की मनात शंका नको."

संध्याकाळी त्याने आपली हत्यारं पेटीत भरली. "दोन दिवसांत परत येशील," दादा म्हणाला. तो परत गेला नाही. बस डेपोत कामाला लागला.

पुढे दादा आजारी पडला, तेव्हा मिस्त्री फळं घेऊन गेला. औषधं विचारली, उशी नीट केली. गाड्यांचा विषय दोघांनीही काढला नाही.