दोन पाटे जास्तीचे

केवलराम कटरेच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती. ज्यांना पाना धरता येतो ती, आणि बाकीचा कचरा. पहिल्या प्रकारात आमगाव तालुक्यात आता एकच माणूस उरला होता, आणि तो रोज सकाळी केवलरामच्याच आरशात दाढी करायचा.

बत्तीस वर्षं त्याने गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मिलच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. आमगावातल्या गॅरेजवाल्यांचं नाव निघालं की तो उठून अंगणाच्या कडेला जाऊन थुंकून यायचा. "खोलते, फेकते, नवा टाकते," तो म्हणायचा. "हे का मिस्तरीपन हाय? हे तं दुकानदारी झाली." मोबाइलवर बघून गाडी खोलणाऱ्या पोरांवर तर तो थुंकीही वाया घालवत नसे.

पण त्याच्या तिरस्काराचा मोठा वाटा राखून ठेवलेला होता तो चुन्नीलालसाठी. चुन्नीलाल हा त्याचा चुलत भाऊ, भिंतीला भिंत लागून घर. त्याच्याकडे पिकअप होती. ती तो रोज धुवायचा, आरशाला गोंडे बांधायचा, दर शनिवारी लिंबू-मिरची बदलायचा आणि वाकून गाडीच्या खाली मात्र कधी बघायचा नाही. असल्या माणसाच्या गाडीत केवलरामच्या बायकोचा माल जात होता. सुशीलाबाई गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. उन्हाळाभर बारा बाया तांदळाचे पापड करायच्या आणि दर मंगळवारी ते गोंदियाच्या दुकानदाराकडे पोचवायच्या. घरात एवढा मोठा मिस्तरी असताना पापड चुन्नीलालच्या गाडीत. हे केवलरामला रोज नव्याने झोंबायचं.

म्हणून निवृत्त होताना त्याने कुणा धान व्यापाऱ्याने मिलच्या मागे सोडून दिलेली, सहा वर्षं गवतात उभी असलेली भंगार पिकअप मागून घेतली. चुन्नीलालच्या गाडीच्याच जातीची, फक्त जास्त म्हातारी. ट्रॅक्टरला बांधून ती घरी ओढत आणली तेव्हा अख्खी गल्ली हसली. केवलरामने हसणाऱ्यांची तोंडं नीट बघून ठेवली. उन्हाळ्याआधी गाडी उभी करायची आणि पापडाची फेरी चुन्नीलालच्या हातून काढून घ्यायची, एवढंच त्याला हवं होतं.

जानेवारीत त्याने गोठ्यामागे काम मांडलं. मोहाच्या जाड फांदीला चेनपुली टांगून आधी मागचा मालाचा डाला उचलला, मग केबिन. खाली राहिला नुसता चेसिस, गाडीचा कणा. तो सडला होता. बारा हंगाम धानाचा कोंडा चेसिसच्या खोबणीत साचत गेला, पावसात भिजत गेला आणि आतून लोखंड खात गेला. केवलरामने पेचकसाने तो उकरला तर शेणखतासारखा काळा चुरा घमेलंभर निघाला. सडलेल्या जागी आधीच्या कुणीतरी पत्रा चिकटवून वर काळा रंग फासला होता.

"कोना गाढवानं केलं रे हे," तो चेसिसलाच विचारायचा. त्या अनोळखी गाढवाशी त्याचं दीड महिना भांडण चाललं. तारेच्या ब्रशने गंज घासताना शिव्या, ग्राइंडरने सडका भाग कापताना शिव्या, नवी जाड पट्टी वेल्ड करताना मात्र तो गप्प असायचा, कारण तिथे त्याचा हात चालत असे आणि त्या हाताबद्दल त्याला आदर होता. वेल्डिंगची रेघ सरळ पडली की तो डोळ्यांवरची काच वर करून तिच्याकडे बघत बसायचा. मग लाल प्राइमर, त्यावर काळा रंग, दोन हात.

मग कमानीचे पाटे आले. पाटे म्हणजे चाकावर एकावर एक बसवलेल्या त्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडी झुलते. त्याने ते सुटे करून घासले, नवे बुश ठोकले, ग्रीस भरलं. आणि मागच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे जास्तीचे चढवले.

सुशीलाबाई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "इतके कायले? आपला माल तं हलका हाय."

"तू पापड लाट," केवलराम म्हणाला.

त्यात विचार करण्यासारखं त्याला काही दिसलंच नाही. मिलमध्ये गाडी आली की आधी दोन पाटे वाढवायचे, हा नियम. हंगामात पिकअपवर धान लादतात ते कागदावर लिहिलेल्या वजनाच्या दुप्पट, आणि गाडी बसली की मिस्तरीची इज्जत बसते. बत्तीस वर्षं त्याने गाडीवर दुसरं काही लादलेलं पाहिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये, एका रविवारी, त्याने सगळ्यांदेखत परीक्षा घेतली. घरातली धानाची तीस पोती डाल्यात चढवली. गाडी बोटभरसुद्धा खाली बसली नाही. चुन्नीलाल तोंडात तंबाखूचा खर्रा धरून बघत होता.

"तुही गाडी आन इथं," केवलराम म्हणाला. "पाहू देखनी बाई किती खाली बसते ते."

चुन्नीलालने आणली नाही, पण केवलराम त्याच्या अंगणात गेला आणि सवयीने वाकला. मागच्या डाव्या चाकाचा मेन पाटा, म्हणजे सगळ्यांत वरचा, ज्याच्या भरवशावर चाक जागेवर राहतं तो, टोकाच्या कडीजवळ चिरला होता. बारीक, केसाएवढी चीर. ती बघायला डोळा लागतो. केवलराम उठला, गुडघे झटकले आणि काही बोलला नाही. मोडू दे एकदा भर रस्त्यात, मग कळेल सगळ्यांना, असं त्याला वाटलं आणि त्या विचाराने जेवणही चांगलं गेलं.

मंगळवारी पापड केवलरामच्या गाडीत चढले. वीस खोकी. सुशीलाबाई आणि गटाची हिशेबनीस दुर्गेश्वरी केबिनमध्ये बसल्या. तीस पोत्यांखाली जी गाडी ढिम्म राहिली होती ती वीस खोक्यांखाली बोकडासारखी उड्या मारू लागली. प्रत्येक खड्डा सरळ मणक्यात यायचा. दुर्गेश्वरीने दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं होतं. केवलराम रस्ता बांधणाऱ्यांना शिव्या देत होता.

गोंदियात दुकानदाराने पहिलं खोकं उघडलं. आत चुरा होता. दुसरं उघडलं, चुरा. पाचव्या खोक्यात काही अर्धे पापड सापडले. दुकानदाराने खोकं त्यांच्याकडे सरकवलं.

"जास्तच वाळवले तुमी," केवलराम म्हणाला.

सुशीलाबाईने एकदा गाडीच्या मागच्या चाकाकडे पाहिलं. "पापड दर सालासारखेच वाळवले," ती म्हणाली. "तुमी धानाची गाडी बनवली. आमाले पापडाची पाहिजे होती."

त्या संध्याकाळी बाया केवलरामच्याच ओट्यावर जमल्या आणि पाच मिनिटांत ठरलं की माल चुन्नीलालच्याच गाडीत जाईल. केवलराम आत बसून ऐकत होता. पाना कसा धरायचा हे माहीत नसलेल्या बाया त्याच्या कामाचा निकाल लावत होत्या, आणि निकाल बरोबर होता, म्हणून त्याला त्यांचा जास्तच राग आला. पुढच्या मंगळवारी सुशीलाबाई चुन्नीलालच्या गाडीत बसून गेली. केवलराम अंगणात पाठ करून उभा राहिला. पापड शाबूत पोचले.

त्या आठवड्यात त्याने गुपचूप जास्तीचे पाटे काढून टाकले. काढताना त्याला दुसऱ्याच पाट्याची आठवण येत होती. चीर वाढली असणार. लोखंड कुणाची भाऊबंदकी बघत नाही. सोमवारी चुन्नीलाल धान पोचवून आला तेव्हा केवलराम भिंतीवरून डोकावला. गाडी डाव्या अंगाला कलली होती. चुन्नीलाल समोरची काच पुसत होता.

मंगळवारी पहाट फुटताच केवलरामने त्याचं दार वाजवलं. "गाडी हलवू नको. मेन पाटा गेला."

"कालच तं चालवून आलो, दादा."

"तुले गाडी चालवता येत नाई, तुले ते धुता येते. जॅक आन."

बाया आठला निघणार होत्या आणि आमगावचं दुकान दहाला उघडायचं. नवा पाटा तोवर मिळणार नव्हता. काढून ठेवलेल्या जास्तीच्या पाट्यांना कडी नव्हती, ते इथे कामाचे नव्हते. दुसरा तसाच पाटा गावात एकाच जागी होता. केवलरामने आपल्या गाडीला जॅक लावला, तीन महिने खपून बसवलेली कमान खोलली आणि मेन पाटा उपसून काढला. चेसिसखाली लाकडी ओंडके सरकवून तो पाटा खांद्यावर घेऊन चुन्नीलालच्या अंगणात आला. खाली शिरल्यावर चुन्नीलालचा जुना पाटा त्याच्या हातातच दोन तुकडे होऊन आला.

आठला खोकी चढली. दुर्गेश्वरी चुन्नीलालच्या शेजारी बसली. सुशीलाबाई चढायची थांबली आणि तिने जमिनीवरचे दोन तुकडे पाहिले. तुटलेल्या कडेवर अर्ध्या भागात नवं चकचकीत लोखंड होतं, आणि अर्ध्या भागात गंज. तिने बत्तीस वर्षं या माणसाच्या तोंडून लोखंडच ऐकलं होतं. जुनी चीर गंजते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"हे तुमाले कधी दिसलं?" तिने विचारलं.

केवलराम चिंधीने हात पुसत होता. खोटं बोलणाऱ्यांचाही त्याला तिटकाराच होता. "धान लादलं, त्या दिवशी."

तिने मनातल्या मनात दिवस मोजले. "म्हंजे मागच्या मंगळवारी मी यात बसून गेली, तवा तुमाले माहीत होतं."

केवलराम हात पुसत राहिला. ते केव्हाच स्वच्छ झाले होते.

 तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. असं त्याच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, पण ती नजर त्याला चांगली ओळखीची होती. आमगावच्या गॅरेजवाल्यांकडे तो असाच पाहायचा. मग ती गाडीत चढली, दार ओढून घेतलं आणि चुन्नीलालला म्हणाली, "चाल, उशीर होऊन राहिला."