मोकळ्या पायाचा खांब

माझ्या सासऱ्यांइतका ताठ माणूस मी उभ्या खानदेशात दुसरा पाहिला नाही, आणि ताठपणाला त्यांच्याइतक्या शिव्या देणाराही. धुळ्याच्या एका कारखान्यात ते लोखंडी शेड उभारण्याचं काम पाहत. मालकापासून गवंड्यापर्यंत सगळे त्यांना नाना म्हणत. नानांच्या लेखी या सृष्टीत दोनच प्रकार होते, फिक्स आणि पिन. खांबाचा पाय चार जाड बोल्टांनी करकचून आवळला तर तो फिक्स. वाऱ्याचा हिसका तो सरळ खालच्या काँक्रीटच्या चौथऱ्याला देणार, म्हणून चौथरा दांडगा हवा. दोनच बोल्ट मधोमध घेऊन पाय केसभर कलायला मोकळा ठेवला तर तो पिन. हिसका वरच्या सांध्यांनी सोसायचा, चौथरा लहान चालतो. शास्त्र एवढंच, पण नाना ते सगळ्या दुनियेला लावत. हलणारी दाढ पिन, देवपुरातल्या त्यांच्या घराजवळच्या शेजारणीचं मत फिक्स, आणि आमचे मालक 'दिसायला फिक्स, आतून पिन'.

मी त्याच कारखान्यात नकाशे काढत असे. मुलगी पाहायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा घराणं, पगार, पत्रिका यातलं त्यांनी काही विचारलं नाही. "पाय मोकळा केव्हा ठेवाल?" एवढंच विचारलं. "जमीन कच्ची असेल तेव्हा," मी म्हणालो. मग आणखी पाच प्रश्न झाले. तेवढ्यात मुलगी पोहे ठेवून आत निघूनही गेली. तिचं तोंड मी नीट पाहिलं ते अंतरपाट दूर झाल्यावर. लग्नाच्या पंगतीत त्यांनी माझ्या काकांच्या वाटीतल्या श्रीखंडात चमचा उभा रोवून फिक्स म्हणजे काय ते समजावलं. काका बिचारे पुरीची वाट पाहत होते.

एसटीत जागा असली तरी नाना उभे राहत, दांडा न धरता. "गुडघे मोकळे सोडा, जवाईबापू. ताठ उभा राहतो तोच पडतो," असं मला शिकवत असतानाच सोनगीरच्या वळणावर ते कंडक्टरच्या मांडीवर जाऊन बसले. तिथूनही त्यांनी वाक्य पुरं केलं.

साल सदुसष्ट-अडुसष्टचं असेल. पारोळ्याला एका शेठजींच्या जिनिंगची शेड आम्ही उभी केली. वीस खांब, सगळे पिन, कारण जमीन काळी आणि चौथरे लहान. शेठजींना ते दोन-दोन बोल्ट बघवेनात. एवढ्या मोठ्या कापसाच्या घराला एवढेसे खिळे, लोक काय म्हणतील? शेठजी मालकांशी बोलले, मालक 'हो' म्हणाले, नानांना कुणी कळवलं नाही. महिन्याने आम्ही दोघं तपासणीला गेलो, तर वीसही खांबांचे पाय गुडघ्यापर्यंत काँक्रीटमध्ये कोंडलेले. गवंडी मोठ्या कौतुकाने म्हणाला, "नाना, खांबना पाय उघडा दिखेत, म्हनीसन बूट घाली दिन्हात. बठ्ठा पक्का शेतस आते." सगळे पक्के झाले म्हणे.

नाना खाली बसले. वैशाखातलं ऊन, तापून लांबलेलं लोखंड, त्यात दोन दिवस वारा सुटलेला. सहा चौथऱ्यांना केसासारख्या चिरा गेल्या होत्या. नानांनी मला प्रत्येक चीर मोजायला लावली, टोकाशी पेन्सिलीची खूण करायला लावली, खांबाच्या नंबरासकट वहीत लिहायला लावली. मग गवंड्याकडून घण घेतला आणि अजून चीर न गेलेल्या सातव्या खांबाचा बूट स्वतःच्या हातांनी फोडून काढला. आठव्याकडे वळले तेव्हा शेठजींच्या माणसांनी त्यांना धरलं.

पुढे चिरा वाढल्या. मालकांच्या खोलीत बैठक बसली, आणि तिथे असं निघालं की चिरा पडल्या त्या नानांच्या घणाने. 'हो' म्हणणारे मालकच ते म्हणत होते. नाना शांत होते. "चिरा आधीच्या आहेत. जवाईबापूंच्या वहीत लिहिलंय," ते म्हणाले. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठंय वही?"

वही माझ्या पँटच्या खिशात होती. पण हिला सातवा महिना होता, माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि मालक माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती मला समजत होती. मी म्हणालो, "शोधावी लागेल."

ती मी कधीच शोधली नाही. नानांना घरी बसवलं गेलं. ज्या माणसाने आयुष्यभर चौथरे जपले, तो चौथरे फोडणारा म्हणून धुळ्यात ओळखला जाऊ लागला, आणि मी कायम झालो. या गोष्टीची मला आजही किळस येते. नाना मला एका शब्दाने बोलले नाहीत. गेलो की ताटात पहिलं भरीत मलाच वाढायला लावत. फक्त त्या दिवसापासून त्यांच्या तोंडचे पिन आणि फिक्स हे शब्द गेले.

आठेक वर्षांनी, माझी बदली जळगावला झाल्यावर, एकदा मी पारोळ्याला उतरलो. एकोणीस खांबांच्या बुडाशी गिलाव्याची ठिगळांवर ठिगळं होती. सातवा तेवढा दोन बोल्टांवर धड उभा होता, चौथऱ्याला चीर नाही. तिथून जळगावला न जाता मी उलट धुळ्याची एसटी धरली. ही मुलांना घेऊन माहेरीच होती आणि चिरा ताडून पाहायला आणलेली वही माझ्याजवळ होती. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच मी देवपुरात शिरलो.

नाना ओसरीत खुर्चीवर बसले होते, बरेच थकलेले. मी वही त्यांच्या हातात ठेवली. बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांचा चेहरा उजळला.

"सापडली वाटतं?"

तासभर एसटीत जुळवलेली सगळी वाक्यं मी गिळली आणि म्हणालो, "हो. सापडली."

त्यांनी चष्मा लावून सहाही आकडे वाचले. "नीट घेतलेत," म्हणाले. मग आत वळून लेकीला हाक मारली. "बघ, मी सांगत नव्हतो? जवाईबापूंची वही खरंच हरवली होती."

ही दारात आली. तिने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा ठेवायला आत गेली. नाना माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. मी जागच्या जागी ताठ झालो होतो, ते त्यांच्या हाताला कळलं असावं.

"गुडघे मोकळे सोडा, जवाईबापू," ते हळूच म्हणाले. "पडाल."